दाणा आणि कडबा

शिरवळचें नांव निघालें कीं इतिहासप्रिय वाचकांस नीरेकांठची सुभानमंगळ गढी आठवते. १६४८ च्या सुमारास विजापूरचा सरदार फत्तेखान शिवाजीमहाराजांवर चालून आला, त्या मोहिमेंत या गढीसाठीं झालेली झुंज शिवचरित्राच्या आरंभींच्या पानांत येते. आणि त्या पानांबरोबरच शिरवळचा इतिहासही आपल्या पुस्तकांतून बहुधा संपतो. गढी पुढें ढासळली. राहिलें तें भोंवतालचें रान. नीरेच्या दक्षिण तीरापासून खंबाटकी घाटाकडे पसरलेल्या या रानांत जोंधळा आणि बाजरी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलीं. त्यांच्या दाण्यावर माणसें जगलीं आणि त्यांच्या ताटांवर बैल जगले. या दुसऱ्या इतिहासाला गढी नाहीं, सनावळी नाहीं, आणि बखरकारही नाहीं. तथापि फौजेचा मुक्काम पडला म्हणजे त्या ठिकाणच्या अंमलदारास पहिली चिंता कशाची लागे? दाणावैरणीची. घोड्याबैलांची सोय झाली नाहीं तर शूर शिपाईही जागच्या जागीं खिळून राहत असे.

दाणावैरण हा जोडशब्द मराठींत उगीच रूढ झालेला नाहीं. आमच्या शेतकऱ्याच्या मनांत पीक म्हणजे या दोहोंची जोडी. एकाच ताटाच्या शेंड्याचें कणीस घरांत जातें आणि बाकीचें धाट गंजींत जातें. कणसावर घरचीं माणसें वर्ष काढतात, कडब्यावर दावणीचीं जनावरें उन्हाळा काढतात, आणि तीं जगलीं तरच पुढल्या पेरणीला पाभर चालते. विसाव्या शतकांत या जोडीची प्रथमच फारकत झाली. ताट ठेंगणें करून त्याचें बळ दाण्यांत उतरविण्याची विद्या जगांत निघाली. तिनें कोट्यवधि लोकांची भूक भागविली. ती आमच्याकडे आली तेव्हां गव्हाच्या शेतांत तिचा जयजयकार झाला, भाताच्या खाचरांत तिचें स्वागत झालें, परंतु शाळूच्या रानांत तिला माघार घ्यावी लागली. असें कां झालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

उंचीचा प्रश्न आनुवंशशास्त्राच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. ब्रून शहरच्या मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलनें वाटाण्यावर जे प्रयोग केले, त्यांत उंच वेल आणि ठेंगणा वेल यांचा संकर होता. पहिल्या पिढींत सर्व वेल उंच निघाले. ठेंगणेपणा जणूं नाहींसाच झाला. पण दुसऱ्या पिढींत १०६४ वेलांपैकीं ७८७ उंच आणि २७७ ठेंगणे भरले, म्हणजे सुमारें तिनास एक हें प्रमाण पडलें. यावरून मेंडेलनें असें अनुमान काढलें कीं, मातापित्यांचे गुण दूध-पाण्याप्रमाणें एकमेकांत मिसळून जात नाहींत. ते सुट्या दाण्यांसारखे अखंड राहतात आणि एका पिढींत झांकले गेले तरी पुढल्या पिढींत जसेच्या तसे वर येतात. १८६६ सालीं प्रसिद्ध झालेला हा निबंध १९०० पर्यंत जवळजवळ विस्मृतींत पडला होता. त्या सालीं तो पुन्हां उजेडांत आला आणि पिकांच्या सुधारणेस शास्त्राचा पाया मिळाला. मेंडेलच्या दृष्टीनें ठेंगणेपणा ही नियम शोधण्याची एक सोयीची खूण होती. तिचें शेतकीच्या दृष्टीनें मोल कळावयास आणखी कांहीं काळ जावा लागला.

हें मोल कळण्यास कारण झालें तें खत. जुन्या काळचा गहू छातीपर्यंत किंवा त्याहूनही उंच वाढे. शेणखताच्या जमिनींत आणि बेताच्या पाण्यावर ही उंची त्याला शोभे, कारण उंच पीक तणांस दाबून टाकी आणि मळणीनंतर भुसाही भरपूर देई. परंतु कारखान्यांत तयार झालेलें नत्रयुक्त खत शेतांत पडूं लागल्यावर अडचण उभी राहिली. खत मिळतांच ताट आणखी उंच व्हावें, ओंबी जड व्हावी, आणि ऐन दाणा भरण्याच्या वेळीं एका वावटळीनें सारें शेत आडवें व्हावें! आमचे शेतकरी यास पीक लोळणें असें म्हणतात. लोळलेल्या पिकाचा दाणा बारीक पडतो, भिजतो, उंदरांच्या तोंडीं जातो. म्हणजे अधिक अन्न घालावें तर रोपास तें सोसत नाहीं, आणि न घालावें तर उत्पन्न वाढत नाहीं, असा हा पेंच होता. तो सोडविण्याचा मार्ग एकच होता. रोपाचा बांधा असा हवा कीं खत पचवूनही तें उभें राहील, आणि जें अन्न तें उंच होण्यांत खर्चीत होतें तें दाण्यांत सांठवील.

असा बांधा जपानांत सांपडला. तेथें दारुमा नांवाचा आखूड ताटाचा गहू होता. दारुमा हेंच नांव जपानी लोकांच्या एका गोलमटोल बाहुलीचें आहे. ती बोधिधर्म या भारतीय भिक्षूच्या स्मरणार्थ करतात, आणि कितीही आडवी पाडली तरी ती पुन्हां उठून बसते. न लोळणाऱ्या गव्हास यापेक्षां समर्पक नांव मिळणें कठीण. या दारुमाचा अमेरिकन गव्हांशीं संकर करून गोंजिरो इनाझुका यांनीं निवडलेलें वाण १९३५ सालीं नोरिन-१० या नांवानें बाहेर पडलें. योगायोग असा कीं, भाताच्या रोपांस वेडेवांकडे उंच करणाऱ्या एका बुरशीचा शोध करीत असतां जपानी शास्त्रज्ञांस जें वाढीचें द्रव्य सांपडलें, त्यास जिबरेलिन हें नांवही १९३५ सालींच मिळालें. एकाच देशांत, एकाच वर्षीं, उंच करणारें द्रव्य आणि ठेंगणा गहू या दोन गोष्टी पुढें आल्या. त्या दोहोंचें नातें मात्र पुष्कळ दशकांनंतर उलगडावयाचें होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत गेलेले अमेरिकन शेतकीतज्ज्ञ सॅमन यांनीं १९४६ सालीं नोरिन-१० चें बीं स्वदेशीं पाठविलें. वॉशिंग्टन संस्थानांत ऑर्व्हिल व्होगेल यांनीं त्याचा तेथील ब्रेव्हर गव्हाशीं संकर केला, आणि त्या संकराचें बीं मेक्सिकोंत काम करणारे नॉर्मन बोरलॉग यांच्या हातीं पोंचलें. मेक्सिकोचें नांव आलें म्हणजे मराठी वाचकांस पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची आठवण व्हावी. गदर चळवळींतील हा वऱ्हाडकडचा क्रांतिकारक १९२४ च्या सुमारास मेक्सिकोस गेला, चापिंगो येथील कृषिविद्यालयांत अध्यापक झाला, आणि मका व गहू यांच्या सुधारणेंत त्यानें मोठें नांव मिळविलें. ठेंगण्या गव्हाचें श्रेय खानखोज्यांचें नव्हे, तें बोरलॉग आणि त्यांचे सहकारी यांचें आहे. परंतु ज्या देशांतून पुढें आमच्या भाकरीचा प्रश्न सुटण्यास साहाय्य झालें, त्या देशाच्या शेतकीशिक्षणांत एका मराठी माणसाचा हात आधींच लागलेला होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

१९६३ सालीं बोरलॉग हिंदुस्थानांत आले आणि त्यांचें मेक्सिकन बियाणें दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेच्या हातीं पडलें. सोनोरा-६४ आणि लेर्मा रोहो हीं वाणें उत्पन्नास उत्तम ठरलीं, पण त्यांचा दाणा लालसर असल्यानें पोळीचा गहू म्हणून तीं लोकांच्या मनास येईनात. म्हणून येथील शास्त्रज्ञांनीं त्यांतून पिंवळसर दाण्याचीं कल्याणसोना आणि सोनालिका हीं वाणें निवडलीं, आणि किरणांच्या प्रयोगानें सोनोराचा शरबती सोनोरा केला. १९६६ सालीं मेक्सिकोहून १८,००० टन बियाणें आणविण्यांत आलें. देशांतील गव्हाचें उत्पन्न १९६४-६५ सालीं सुमारें १ कोटी २३ लक्ष टन होतें, तें १९६७-६८ सालीं सुमारें १ कोटी ६५ लक्ष टन झालें. मधल्या दोन वर्षांत अवर्षण पडून गेलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें महत्त्व अधिक वाटतें. येथें एक गोष्ट मात्र टिपून ठेवण्यासारखी आहे. दाण्याच्या रंगाबद्दल घरच्या गृहिणीनें नापसंती दाखविली, ती शास्त्रज्ञांनीं ऐकली, आणि म्हणूनच हा गहू घराघरांत शिरला.

ठेंगणेपणा घडतो कसा, हें रहस्य १९९९ सालीं उकललें. रोपाच्या पेशींत वाढीला आवरून धरणारीं कांहीं प्रथिनें असतात. बैलाच्या नाकांतील वेसणीप्रमाणें तीं रोपास ताब्यांत ठेवतात. जिबरेलिन हें संप्रेरक आलें म्हणजे ही वेसण सुटते आणि पेरें भराभर लांबतात. नोरिन-१० पासून आलेल्या दोन जनुकांत बिघाड असा झाला आहे कीं, त्यांपासून होणारी वेसण जिबरेलिनास दादच देत नाहीं. संप्रेरक येतें, पण वेसण तशीच राहते. पेरीं आखूड राहतात आणि ताट ठेंगणें होतें. भाताची गोष्ट थोडी वेगळी. तैवानकडच्या डी-जिओ-वू-जेन या आखूड भातापासून फिलिपाईन्समधील संस्थेनें १९६६ सालीं आय. आर.-८ हें वाण काढलें. आमच्याकडे १९६८ सालीं आलेली जया ही त्याच वंशाची. २००२ सालीं असें दिसून आलें कीं, या भातांत वेसण धड आहे, परंतु जिबरेलिन तयार करणारी यंत्रणाच अर्धवट आहे. एका पिकांत आज्ञा ऐकूं येत नाहीं, दुसऱ्यांत आज्ञा देणाराच दुबळा. परिणाम मात्र एकच. उंच जातींत एकंदर रोपाच्या वजनापैकीं सुमारें तिसरा हिस्सा दाण्याचा असे, तो या नव्या जातींत निम्म्याच्या आसपास गेला.

आतां ज्वारीकडे वळूं. तिची कथा येथून पुढें निराळी होते, आणि तिच्याशींच शिरवळसारख्या गांवांचा निकटचा संबंध आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेंतील. अमेरिकेंत ती गेली ती मिलो, काफिर इत्यादि नांवांनीं, आणि तेथें तिचा उपयोग प्रामुख्यानें जनावरांस दाणा म्हणून होऊं लागला. तेथील शेतें विस्तीर्ण आणि मजूर थोडे. कापणी आणि मळणी एकदम करणारें यंत्र शेतांत फिरावयाचें, तर कणसें त्याच्या तोंडाच्या उंचीवर यावयास हवींत. उंच शेतांत एखादें आखूड ताट आपोआप निपजे, तें शेतकरी वेगळें काढून ठेवीत. त्यांतून बुटक्या आणि त्याहून बुटक्या जाती झाल्या. टेक्सासमधील क्विन्बी आणि कार्पर यांनीं १९५४ सालीं असें दाखवून दिलें कीं, ज्वारीची उंची मुख्यतः चार जनुकांवर ठरते, आणि त्यांतील एकेक खुजें झालें कीं ताट एकेक पायरी खालीं येतें. यंत्राच्या कामाला आलेल्या ज्वाऱ्यांत बहुधा तीन पायऱ्या उतरलेल्या असत. त्यांतील एक जनुक पेऱ्यांतून खालीं वाहणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाची वाट अडवितें, असें २००३ सालीं आढळून आलें. या जनुकांतील दोष तुकड्याच्या दुहेरीपणामुळें झालेला असल्यानें तो अधूनमधून आपोआप दुरुस्त होतो; आणि मग सारख्या उंचीच्या शेतांत एखादेंच ताट एकदम डोकें वर काढून पूर्वजांची आठवण करून देतें.

त्याच १९५४ सालीं स्टीफन्स आणि हॉलंड यांनीं परागहीन ज्वारी मिळविण्याची युक्ति प्रसिद्ध केली आणि संकरित बियाणें मोठ्या प्रमाणावर करणें शक्य झालें. ही विद्या हिंदुस्थानांत येऊन १९६४ सालीं सी. एस. एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी बाहेर पडली. तिची माता कम्बाइन काफिर-६० ही होती. या नांवांतील कम्बाइन हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. कम्बाइन म्हणजे तेंच कापणी-मळणीचें यंत्र. ज्या यंत्रासाठीं ही जात टेक्सासांत ठेंगणी केली गेली, तें आमच्या ज्वारीच्या शेतांत नव्हतेंच. येथें विळा होता, खळें होतें, आणि मळणीस फिरणारे बैल होते. तें ताट ठेंगणें झालें तेव्हां त्या बैलांचा विचार कोणीं केला नव्हता. आणि करण्याचें कारणही टेक्सासांतील माणसास नव्हतें.

यावरून संकरित ज्वारी आणणाऱ्यांस दोष द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. काळच कठीण होता. धान्याची तूट, परदेशचें धान्य घेऊन येणाऱ्या बोटींची वाट पाहणें, शिधापत्रिकेवरील मोजका वांटा, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस दाणा हाच पहिला देव वाटला यांत नवल नाहीं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनीं महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यांत स्वावलंबी झाला नाहीं तर आपणांस शनिवारवाड्यासमोर फांशी द्यावी, असे उद्गार काढल्याचें सांगितलें जातें. संकरित ज्वारी ही त्यांच्या शेतीविषयक प्रचाराची मुख्य आधार होती. विदर्भ-मराठवाड्यांतील खरीप जमिनींत ती खरोखरच पसरली, आणि सी. एस. एच.-५, सी. एस. एच.-९ या पुढल्या संकरांनीं तेथील उत्पन्न पुष्कळ वाढविलें. १९७२ च्या दुष्काळांत मात्र अमेरिकेचा लाल मिलो महाराष्ट्राच्या घराघरांत शिजला. तेथें जो दाणा जनावरांपुढें टाकीत, तो येथें माणसांनीं भाकरी करून खाल्ला. आणि त्याच वर्षीं वैरणीवांचून जनावरें छावण्यांत न्यावीं लागलीं. दाणा आणि वैरण यांचें नातें किती घट्ट आहे, हें त्या एका वर्षानें दाखवून दिलें. दाणा बोटीनें आणतां येतो. कडबा आणतां येत नाहीं.

खरिपांतही संकरित ज्वारीच्या मागें एक पीडा लागली. देशी खरीप ज्वारी दिवस लहान होऊं लागल्याशिवाय निसवत नसे. त्यामुळें तिचें कणीस पाऊस ओसरल्यावर कोरड्या हवेंत पिके. नवी ज्वारी शंभरेक दिवसांत तयार होई, आणि ऐन पावसांत तिचा दाणा भिजून काळा पडे. काळ्या दाण्यास बाजारांत भाव नाहीं आणि त्याच्या भाकरीस चव नाहीं. एवंच, देशी जातीचें उशीरा पिकणें हा तिचा आळस नव्हता. त्यांत पावसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब सांठविलेला होता. पुढें सोयाबीन आलें तेव्हां पुष्कळ ठिकाणीं खरीप ज्वारीनें जागा सोडून दिली, त्याचें एक कारण या काळ्या दाण्यांत आहे.

रबीच्या शाळूची हकीकत याहून बोधप्रद आहे. सातारा, सांगली, सोलापूर, नगर या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेंतील पट्ट्यांत शाळू भाद्रपद-आश्विनांत पेरतात. त्यानंतर पाऊस बहुधा नसतोच. काळ्या जमिनीच्या पोटांत जी ओल सांठली असेल तिच्यावर सारें पीक निघावें लागतें. या पट्ट्यांत मालदांडी ही जात पूर्वापार प्रसिद्ध. तिच्यांतून सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथील शेतकी केंद्रांत १९३० नंतरच्या दशकांत जें वाण निवडण्यांत आलें, तें मालदांडी ३५-१. माणसाच्या डोक्यावर जाणारें ताट, मोत्यासारखा टपोरा पांढरा दाणा, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद, आणि जनावरें चवीनें खातात असा कडबा, हे तिचे गुण. ठेंगण्या संकरांचा बोलबाला झाल्यावर रबीसाठींही संकर काढण्यांत आले. १९७७ सालचा सी. एस. एच.-८ आर हा त्यांतलाच. परंतु शेतकऱ्यानें त्यांस उंबऱ्याच्या आंत घेतलें नाहीं. खोडमाशीपुढें ते टिकाव धरीनात, थंडींत त्यांचा दाणा नीट भरेना, भाकरीला मालदांडीची गोडी येईना, आणि कडबा तर हातभर कमीच. निवड होऊन आठ दशकें उलटल्यावरही मालदांडी शेतांत उभीच होती, आणि २०१६ सालीं मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळालें तें याच मालदांडीच्या लौकिकावर. शेतकीच्या इतिहासांत एका निवडीनें इतकी वर्षें नव्या विद्येस तोंड दिल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

या गोष्टीचा अर्थ त्या काळीं पुष्कळांनीं असा लावला कीं, कोरडवाहू शेतकरी अडाणी आणि जुन्यास चिकटून राहणारा आहे. हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. ज्या सातारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें शाळूचा संकर नाकारला, त्यानेंच कालव्याखालच्या जमिनींत सोनालिका गहू आणि तिच्यापासून पुढें निघालेला लोक-१ आनंदानें पेरला. माणूस तोच, गांव तेंच; पिकें मात्र दोन. गव्हाच्या भुशावर त्याच्या गोठ्याची मुख्य भिस्त नव्हती, म्हणून गव्हाचें ताट आखूड झालें तर त्याला हरकत नव्हती. शाळूच्या कडब्यावर मात्र त्याचा गोठा उभा होता. दुष्काळाच्या सालीं दाणा नासला तरी कडबा हातीं लागतो, आणि त्या सालीं कडब्याच्या पेंढीचा भाव ऐकून शहरचा माणूस थक्क होतो. तेव्हां शाळूचें उत्पन्न मोजावयाचें तर दाण्याचें पोतें आणि कडब्याची पेंढी हीं दोन्हीं तराजूंत घालावीं लागतात. संशोधनकेंद्राच्या तराजूंत तेव्हां एकच पारडें होतें. शेतकऱ्यानें विद्या नाकारली नाहीं. अर्ध्या पिकाचा हिशेब नाकारला.

हा धडा शास्त्रानेंही पुढें घेतला, हें सांगावयास आम्हांस आनंद वाटतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें रबीसाठीं काढलेलीं फुले वसुधा, फुले रेवती, फुले अनुराधा यांसारखीं वाणें पाहिलीं तर त्यांत ठेंगणेपणाचा हव्यास नाहीं. जमिनीची खोली पाहून वाण निवडावें आणि दाण्याबरोबर कडबाही मिळावा, असा त्यांचा रोख आहे. गव्हाच्या बाबतींतही एक नवें पान उलगडलें आहे. नोरिन-१० चीं जनुकें सगळ्या रोपासच आवरून धरतात. त्यामुळें ताटाबरोबर कोंबावरचें वेष्टनही आखूड होतें. बीं खोल पडलें कीं तो कोंब वर पोंचत नाहीं. पाटाचें पाणी असलेल्या शेतांत यानें कांहीं बिघडत नाहीं, कारण तेथें बीं वरच पेरतां येतें. परंतु आमचा कोरडवाहू शेतकरी ओल गांठण्यासाठीं पाभरीनें बीं खोल सोडतो. त्याला हें जनुक गैरसोयीचें.

डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे ज्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक होते, ती संस्था १९४६ सालीं पुण्यास स्थापन झाली आणि १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नांवानें ओळखली जाते. तेथील संशोधकांनीं बन्सी गव्हांतील आर. एच. टी.-१४ आणि आर. एच. टी.-१८ या दुसऱ्या ठेंगणेपणाच्या जनुकांचा ठाव सहाव्या 'अ' गुणसूत्रावर लावला आहे. या जनुकांनीं ताट आखूड होतें, पण कोंबाची उमेद कायम राहते. त्यामुळें खोल पेरलेलें बींही वर येऊं शकतें. याच संस्थेचा एम. ए. सी. एस. ६४७८ हा गहू सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्याच्या करंजखोप गांवीं हेक्टरीं ४५ ते ६० क्विंटल उतरला, पूर्वीच्या वाणांचा उतारा तेथें २५ ते ३० क्विंटल होता, असें २०२१ सालीं सरकारी विज्ञानखात्यानें प्रसिद्ध केलें. सातारा-सांगलीकडे सणासुदीच्या खिरीसाठीं आणि शेवयांसाठीं जो खपली गहू पिकतो, त्याचीही ठेंगणी जात या संस्थेनें काढली आहे. खपली उंच वाढून लोळते ही कृष्णाकांठची जुनीच तक्रार होती. तात्पर्य, ठेंगणेपणा हा एकच एक गुण नाहीं. त्याचे प्रकार अनेक आहेत, आणि कोणत्या रानाला कोणता प्रकार मानवेल याची निवड करणें हेंच खरें कौशल्य.

शिरवळास १९८८ सालीं क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. जेथें एके काळीं स्वाऱ्यांच्या घोड्यांची दाणावैरण गोळा होत असे, त्या गांवीं आज जनावरांची चिकित्सा आणि त्यांचें पोषण हीं शास्त्रें म्हणून शिकविलीं जातात, हा इतिहासाचा सुंदर मेळ आहे. बैलांची संख्या कमी झाली, नांगर-पाभरीची जागा ट्रॅक्टरनें घेतली, हें खरें. पण बैलाच्या जागीं दुभतीं जनावरें आलीं आहेत, आणि दूध हें दक्षिण महाराष्ट्रांतील लहान शेतकऱ्याच्या रोकड उत्पन्नाचें एक मुख्य साधन झालें आहे. म्हणजे कडब्याचें मोल गेलें नाहीं; त्याचें गिऱ्हाईक तेवढें बदललें. पिकांचे शास्त्रज्ञ आणि पशूंचे शास्त्रज्ञ यांनीं आपापल्या वह्या एकमेकांपुढें उघडाव्या, अशी जागा यापेक्षां योग्य दुसरी कोणती असणार?

मराठींत ताट या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शेतांत उभें असतें, दुसरें घरांत वाढलें जातें. ठेंगण्या जनुकांनीं पहिलें ताट आखूड केलें आणि कोट्यवधि लोकांचें दुसरें ताट भरलें. या उपकारास इतिहासांत मोठें स्थान राहीलच. परंतु आमच्या रानांत पहिल्या ताटावर आणखी एक जीव जेवतो. तो बोलत नाहीं, सभेंत येत नाहीं, आणि त्याची मागणी कोणत्याही अहवालांत नोंदलेली नसते. त्याच्या वतीनें शिरवळ-सोलापूरकडच्या शेतकऱ्यानें मालदांडीचा हट्ट धरला आणि तो आठ दशकें चालविला. पुढें जो कोणी या प्रांताच्या शेतीचा इतिहास लिहील, त्यानें नव्या बियाण्याबरोबर या हट्टाचीही नोंद करावी, एवढीच आमची विनंती आहे.